घरदुरुस्तीचा खर्च भाड्यातून वळता कसा करायचा? महाराष्ट्रातल्या भाडेकरूंसाठी पायरीपायरीने

छत गळतंय, मोरीची ओल पलीकडच्या भिंतीत उतरली आहे, आणि घरमालक दर वेळी 'बघू, पाऊस उघडला की करू' म्हणतात. अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे, 'गपचूप स्वतः करून घे, मालकाशी वाकडं कशाला?' दुसरा, 'भाडं द्यायचंच बंद कर, येतील आपोआप धावत.' पहिल्यात खिसा रिकामा होतो. दुसऱ्यात घर जायची वेळ येऊ शकते.

या दोन्हींच्या मधला रस्ता महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ मध्ये आहे. घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी. लेखी नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूने ती करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वजा करावा, असं हे कलम सांगतं. मी पुण्यातल्या एका जुन्या वाड्यातल्या खोल्यांसाठी ही प्रक्रिया पूर्ण केली आहे. मालकांनी शेवटी हिशेब मान्य केला, कारण प्रत्येक टप्प्याचा कागद माझ्या हातात होता. म्हणून आधीच सांगते: गवंड्याला फोन करण्याआधी कागद तयार करा. हा क्रम उलटला की हक्क असूनही तो सिद्ध करता येत नाही.

१. तुम्ही भाडेकरू आहात की लायसन्सी, ते आधी बघा

बोलताना आपण सगळेच 'भाड्याने राहतो'. कायदा मात्र दोन वेगळे प्रकार मानतो.

जुना वाडा, चाळ, पागडीची खोली, वर्षानुवर्षं भाडेपावती फाडली जाते अशी जागा किंवा भाडेपट्ट्याने घेतलेलं घर, यांत तुम्ही भाडेकरू असता. कलम १४ चा हक्क तुमचा आहे.

अकरा महिन्यांचा 'लीव्ह अँड लायसन्स' करार करून राहत असाल, तर कायद्याच्या भाषेत तुम्ही लायसन्सी, म्हणजे मालकाच्या परवानगीने जागा वापरणारे, आहात. पुण्या-मुंबईत नोकरी-शिक्षणासाठी येणारी बहुतेक मंडळी याच करारावर राहतात. कलम १४ भाडेकरूसाठी आहे, लायसन्सीसाठी नाही. तुमचा आधार म्हणजे तुमचा करार. म्हणून तुम्ही पायरी ३ आणि ४ वाचून थेट पायरी ९ वर जा. मधल्या पायऱ्या वाचून मालकाला कलम १४ ची नोटीस पाठवू नका. त्यांच्या वकिलाला ती खोडून काढायला एक परिच्छेद पुरेल.

आणखी एक अपवाद लक्षात ठेवा. जागा बँकेने, सार्वजनिक उपक्रमाने, बहुराष्ट्रीय कंपनीने किंवा एक कोटी रुपये अथवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपनीने भाड्याने घेतली असेल, तर हा कायदाच लागू होत नाही. कंपनीच्या नावावर घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहत असाल, तर कंपनीशी बोला.

२. करारात दुरुस्तीबद्दल काय लिहिलंय ते शोधा

कलम १४ मधली मालकाची जबाबदारी 'भाडेकरूने विरुद्ध करार केला नसेल तर' अशी आहे. म्हणजे 'सर्व दुरुस्त्या भाडेकरूने स्वखर्चाने कराव्यात' अशा ओळीखाली तुमची सही असेल, तर गाडी तिथेच अडते. करार पूर्ण वाचा, मागच्या पानावरच्या अटींसकट. अशी ओळ असेल, तर पुढे जाण्याआधी वकिलाला दाखवा.

लेखी करारच नसेल तर घाबरू नका. करार लेखी करून त्याची नोंदणी करणं कलम ५५ नुसार मालकाची जबाबदारी आहे. नोंदलेला करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. भाडेपावत्या मात्र जपून ठेवा. पावती देणं मालकाला बंधनकारक आहे.

३. दुरुस्ती आणि सुधारणा यांत फरक करा

कायद्याचा रोख घर राहण्याजोगं ठेवण्यावर आहे, नवं करण्यावर नाही. गळकं छत, फुटलेली सांडपाण्याची पाइप, निखळलेलं प्लास्टर, कुजलेले वासे, सरकलेली कौलं, धोकादायक वायरिंग, मोरीतून झिरपणारं पाणी ही दुरुस्ती. कडाप्प्याच्या जागी ग्रॅनाइट, साध्या फरशीवर व्हिट्रिफाइड टाइल्स, भारतीय संडासाच्या जागी कमोड ही सुधारणा. सुधारणेचे पैसे भाड्यातून कापू नका. दोन्ही कामं एकाच वेळी करायची असतील, तर बिलं वेगवेगळी घ्या. एकत्र बिलामुळे खऱ्या दुरुस्तीवरही संशय येतो.

रोजच्या वापरातली झीज साधारणपणे राहणाऱ्याकडे येते: नळाचा वॉशर, बटण, बल्ब, तुंबलेली जाळी. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात याची छान विभागणी आहे. त्यात संरचनात्मक दुरुस्ती, भिंतींचा चुना-रंग, पाइप बदलणं आणि वायरिंग मालकाकडे. नळ, बटणं-सॉकेट, गिझर, कुलपं, खिडकीच्या काचा आणि नाली साफ करणं भाडेकरूकडे. हा केवळ राज्यांसाठीचा नमुना आहे. त्यातही भाड्यातून वजावटीची तरतूद आहे, महिन्याच्या भाड्याच्या ५० टक्क्यांपर्यंत. कुणी तुम्हाला हा आकडा सांगितला तर तो महाराष्ट्रात वापरू नका. आपल्याकडची मर्यादा वेगळी आहे, ती पायरी ७ मध्ये आहे.

पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सफाई यांपैकी काही मालकाने मुद्दाम तोडलं असेल, तर तो दुरुस्तीचा विषयच नाही. त्यासाठी कलम २९ आहे. त्यात थेट न्यायालयाकडे अर्ज करता येतो.

४. पुरावा गोळा करा

हे काम एका दुपारचं आहे, पण पुढचं सगळं यावर उभं राहतं.

- नुकसानीचे फोटो आणि व्हिडिओ. एक लांबून, म्हणजे खोली ओळखू यावी, आणि एक जवळून.
- किमान दोन कारागिरांची लेखी कोटेशन्स. त्यात काम, साहित्य आणि मजुरी वेगळी लिहून घ्या.
- मालकाशी आधी झालेले मेसेज, त्यांच्या उत्तरांसकट.
- करार, भाडेपावत्या किंवा भाडं गेल्याचे बँकेचे उतारे.
- गळती वरच्या घरातून असेल तर तिथल्या माणसाच्या सहीची दोन ओळींची चिठ्ठी. मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तरी अडत नाही.

फोटो फक्त फोनमध्ये ठेवू नका. स्वतःलाच ईमेल करा, म्हणजे तारीखही राहते.

५. नोटीस द्या

सगळ्या प्रक्रियेचा कणा हाच. कायदा म्हणतो, किमान १५ दिवसांची नोटीस हवी, टपालाने किंवा अन्य मार्गाने. व्हॉट्सअॅपवर पाठवायला हरकत नाही, पण फक्त त्यावर विसंबू नका. स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. (वेगळी रजिस्टर्ड पोस्ट सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टातच विलीन झाली आहे, त्यामुळे खिडकीवर 'रजिस्टर्ड एडी' मागून गोंधळ होऊ देऊ नका.) ट्रॅकिंगवर 'वितरित' दिसलं की त्या पानाची प्रिंट काढा.

नोटिशीला वकीलच हवा असं नाही. साधी मराठी चालते. शब्दांत राग नको, मागणी स्पष्ट हवी. नमुना असा:

'सप्रेम नमस्कार. मी आपल्या ……… येथील जागेत ……… सालापासून भाडेकरू आहे. मासिक भाडं ……… रुपये असून ……… महिन्यापर्यंतचं भाडं दिलेलं आहे. सदर जागेत पुढील दुरुस्ती तातडीने आवश्यक आहे: (१) मोरीच्या फरशीखालची पाइप फुटल्याने शेजारच्या भिंतीत ओल. (२) त्या भिंतीचं प्लास्टर निखळणं. फोटो व कोटेशनच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. अंदाजे खर्च ……… रुपये.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ अन्वये ही दुरुस्ती आपण करून देणं अपेक्षित आहे. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत काम सुरू करावं, ही विनंती. तसं न झाल्यास मी ते काम करून घेईन आणि खर्च कायद्याने ठरवलेल्या मर्यादेत भाड्यातून वळता करेन. कारागीर पाठवण्यासाठी आपल्याला सोयीची वेळ कळवावी.'

शेवटचं वाक्य गाळू नका. 'भाडेकरू घरात येऊच देत नव्हता' हा बचाव त्याने मावळतो. आगाऊ सूचना देऊन जागा पाहायला येण्याचा मालकाचा हक्क कायद्यातच आहे, तेव्हा ते आले तर दार उघडा आणि काय बोलणं झालं ते त्याच संध्याकाळी मेसेजवर लिहून पाठवा.

घराचे मालक अनेक असतील, म्हणजे तीन भाऊ किंवा आजोबांच्या नावावरची जागा आणि चार वारस, तर भाडेपावतीवर सही करणाऱ्याला मुख्य नोटीस आणि बाकीच्यांना प्रती पाठवा.

वेळेचं गणितही सांभाळा. कौलं शाकारणं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग ही कामं मृगाच्या आधी उरकावी लागतात. पंधरा दिवस नोटिशीचे, त्यानंतर मालकाला वाजवी अवधी, मग कारागिराची तारीख. म्हणजे नोटीस एप्रिलच्या सुरुवातीला गेली पाहिजे. जूनमध्ये छत गळायला लागल्यावर पाठवलेली नोटीस कायद्याने चालते, पण वॉटरप्रूफिंगवाला ओल्या गच्चीवर हात लावत नाही.

६. वाट बघा, मग काम करा

पंधरा दिवस हा किमान अवधी आहे. त्यानंतर 'वाजवी मुदत' मोजायची आणि ती कामावर ठरते. फुटलेल्या पाइपला आठवडाही खूप झाला. सगळं छप्पर उतरवायचं असेल तर मालकाला महिनाभर देणं शहाणपणाचं.

मालकाने 'करतो' असं कळवलं तर तारीख लेखी मागा. त्याने वेगळा कारागीर सुचवला तर शक्य तितकं मान्य करा. काम होण्याशी मतलब.

काम स्वतः करून घेताना तीन गोष्टी सांभाळा. पहिली, जसं होतं तसंच करा. लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम उभं केलं तर कलम १६ नुसार तेच घर खाली करायला लावण्याचं कारण ठरतं. लाकडी पार्टिशन, ओटा, जाळी, हवेसाठी खिडकी अशा काही गोष्टी कायद्याने त्यातून वगळल्या आहेत, पण भिंत हलवणं, पोटमाळा वाढवणं यांच्या वाटेला जाऊ नका. दुसरी, खांब, तुळई, स्लॅबच्या सळ्या यांना हात लावायचा असेल तर ते तुमचं काम नव्हे. महापालिकेला कळवा. मुंबईत प्लास्टर, फरशी, न्हाणीघर-संडासाची दुरुस्ती, पाइप आणि वायरिंग बदलणं अशी कामं पालिकेच्या परवानगीविना करता येतात, सांगाड्याला धक्का लागत नसेल तर.

तिसरी गोष्ट म्हणजे बिलं. तुम्ही ठेवलेला हिशेब आणि त्याची व्हाउचरं हा खर्चाचा निर्णायक पुरावा मानला जाईल आणि मालकावर बंधनकारक असेल, असं कलम १४ च्या तिसऱ्या पोटकलमात स्पष्ट म्हटलं आहे. भाडेकरूच्या हातात कायद्याने दिलेलं हे सगळ्यात बळकट हत्यार आहे, आणि बहुतेकांना ते माहीतच नसतं. म्हणून सिमेंटच्या गोणीपासून टेम्पोच्या भाड्यापर्यंत सगळ्याची पावती घ्या. गवंडी बिल देत नाही, हे खरं. त्याच्याकडून साध्या कागदावर लिहून घ्या: नाव, तारीख, पत्ता, केलेलं काम, दिवस, मिळालेली रक्कम, सही. ५,००० रुपयांच्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही घ्या. पैसे यूपीआयने द्या, म्हणजे बँकेतही नोंद राहते. कामाआधी, काम चालू असताना आणि झाल्यावर फोटो काढा. फरशीखालची पाइप एकदा बुजली की पुन्हा दिसत नाही.

७. किती कापता येतं? वर्षाच्या भाड्याचा पाव भाग

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. खर्च सगळाच्या सगळा पुढच्या महिन्याच्या भाड्यातून कापता येत नाही. एका वर्षात वजा करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असता कामा नये.

समजा भाडं महिना ४,००० रुपये. वर्षाचे झाले ४८,०००. पाव भाग १२,०००. दुरुस्तीला ३०,००० लागले असतील, तर पहिल्या वर्षी १२,०००, दुसऱ्या वर्षी १२,००० आणि तिसऱ्या वर्षी ६,००० असे वळते होतील. महिन्याला समान कापायचं तर १,००० रुपये कमी, म्हणजे ३,००० भाडं. मालकाला समजायला आणि तुम्हाला सांभाळायला हेच सोपं.

आता पागडीच्या खोलीचं बघा. भाडं महिना ४०० रुपये असेल तर वर्षाला जास्तीत जास्त १,२०० कापता येतात. लाखभर रुपयांचं छत त्या हिशेबाने कधीच वसूल होणार नाही. जुन्या कमी भाड्याच्या घरांत या कलमाची ताकद इथे तोकडी पडते, हे आधीच समजून मग खर्चाला हात घाला. अशा वेळी दोन वाटा उरतात. एक, सगळ्या भाडेकरूंनी मिळून नोटीस द्यायची आणि काम करायचं. कायदा याला परवानगी देतो. खर्च भाड्याच्या प्रमाणात वाटला जातो आणि त्यावर द.सा.द.शे. १५ टक्के सरळ व्याजही धरता येतं. तिघांची भाडी ३००, ५०० आणि ७०० असतील व खर्च १५,००० झाला, तर वाटे ३,०००, ५,००० आणि ७,०००. पाव भागाची मर्यादा प्रत्येकाला वेगळी लागू राहते. दुसरी वाट मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त (म्हणजे ज्यांच्यावर दुरुस्तीसाठीचा उपकर लागतो अशा) इमारतींसाठी: ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या अशा इमारतींच्या संरचनात्मक दुरुस्तीचं काम म्हाडाचं मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ बघतं. तिथे अर्ज करा.

८. भाडं कमी करून पाठवताना

ज्या महिन्यापासून वजावट सुरू करायची, त्याआधी मालकाला हिशेबाचं पत्र पाठवा: एकूण खर्च, पावत्यांच्या प्रती, वर्षाची मर्यादा, दर महिन्याची वजावट, वजावट कधी संपेल. मूळ पावत्या स्वतःकडेच ठेवा.

उरलेलं भाडं ठरलेल्या तारखेलाच द्या. एक दिवसही उशीर नको. बँकेतून पाठवत असाल तर शेऱ्यात 'भाडं, अमुक महिना, दुरुस्ती वजा' असं लिहा. पावती पूर्ण भाड्याची मागा, त्यात 'पैकी इतके दुरुस्तीपोटी वळते' अशी नोंद करून घ्या. मालकाने कमी रक्कम नाकारली तर चेक स्पीड पोस्टाने पाठवा. परत आला तर पाकीट न फोडता ठेवा. भाडं द्यायला तुम्ही तयार होतात, हे त्या बंद पाकिटाने सिद्ध होतं.

९. लीव्ह अँड लायसन्सवाल्यांनी काय करावं

तुमची लढाई करारावर सही करण्याआधीच जिंकायची असते. एजंट सांगतो, 'मसुदा ठरलेला आहे, बदलत नाही.' बदलतो. मालक आणि तुम्ही मान्य कराल ती अट घालता येते. मी आता प्रत्येकाला ही ओळ घालायला सांगते: 'संरचना, गळती, पाइप व वायरिंग यांची दुरुस्ती मालक करतील. लेखी कळवल्यापासून ७ दिवसांत न केल्यास लायसन्सी ……… रुपयांपर्यंतचं काम करून, बिलं देऊन, ती रक्कम पुढील महिन्याच्या शुल्कातून वजा करतील.' रक्कम कोरी सोडू नका. अर्ध्या महिन्याच्या भाड्याइतकी रक्कम बहुतेक मालक मान्य करतात.

करार आधीच झाला असेल आणि अशी अट नसेल, तर मालकाची संमती प्रत्येक कामासाठी लेखी घ्या. ईमेल किंवा मेसेजवर 'प्लंबरचे २,८०० रुपये पुढच्या भाड्यातून वळते करा' एवढं उत्तर पुरतं. संमतीशिवाय कापलं तर मालक ते थकीत धरून अनामत रकमेतून कापू शकतात आणि करारातल्या अटीप्रमाणे घर सोडायला सांगू शकतात. मुदत संपल्यावर राहिलात तर कलम २४ नुसार दुप्पट शुल्काची भरपाई लागते, म्हणून भांडणाच्या भरात तिथे अडून बसू नका.

सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये आणखी एक गुंता असतो. गच्चीतून झिरपणारं पावसाचं पाणी आणि सामाईक पाइपची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. वरच्या फ्लॅटच्या संडास-बाथरूममधली गळती त्या सभासदाने. तुम्ही सभासद नाही, त्यामुळे तुमच्या तक्रारीला सेक्रेटरी दाद देत नाहीत. अर्ज मालकाच्या सहीनेच जाऊ द्या. तुम्ही मसुदा लिहून द्या, त्यांनी सही करावी. बहुतेक वेळा मालक टाळत नसतात, त्यांना लिहायचा कंटाळा असतो.

घरात धोका आहे हे मालकाला माहीत होतं आणि तुम्हाला सांगितलं नाही, उदाहरणार्थ भिंतीत शॉक लागतो, तर भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५७ प्रमाणे ते सांगणं त्यांचं कर्तव्य होतं. पत्रात याचा उल्लेख जरूर करा.

१०. मालकाने थकबाकीची नोटीस पाठवली तर

ही पायरी फक्त भाडेकरूंसाठी. थकबाकीची लेखी मागणी केल्यापासून ९० दिवस मालक त्या कारणाने दावा लावू शकत नाहीत. त्या मुदतीत उत्तर द्या, सोबत नोटिशीची पोच, हिशेब आणि पावत्या जोडा. दावा लागलाच, तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत वादातली थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह न्यायालयात भरली, पुढचं भाडं नियमित भरत राहिलात आणि न्यायालय सांगेल तो दाव्याचा खर्च दिलात, तर केवळ थकबाकीवरून घर खाली करण्याचा हुकूम होत नाही. वजावट खरी की खोटी हा वाद नंतर चालू दे, घर आधी सुरक्षित करा. मुंबईत हे दावे लघुवाद न्यायालयात चालतात. जिथे लघुवाद न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायाधीशांपुढे. समन्स आल्यावर मात्र वकील हवाच. तारीख चुकवू नका.

११. घर सोडताना

वजावट पूर्ण व्हायच्या आत घर सोडणार असाल, तर किल्ल्या देण्याआधी उरलेल्या रकमेचा निकाल लावा. एका कागदावर लिहा: एकूण खर्च इतका, आजवर वळते इतके, बाकी इतकी, ती अनामतीसोबत अमुक तारखेला मिळेल. दोघांच्या सह्या, तारीख, एकेक प्रत. किल्ल्या त्यानंतर.